रेघ मारलेली काच

"गाडी तू निवड," दादा आरशात बघत म्हणाला आणि फेस लावलेल्या गालावरून वस्तरा ओढायला लागला. ती बाथरूमच्या दारात खांद्यावर टॉवेल टाकून, तो कधी आटपतोय याची वाट बघत उभी होती. वाक्य अगदी साधं होतं, ‘दूध तू आण’ इतकं साधं, पण टॉवेल तिच्या खांद्यावरून घसरला. "कुठली गाडी?" तिने विचारलं, जणू घरात चार गाड्यांची बोलणी चालू होती. "कुठली म्हणजे? पिकअप. डिझेलची. दोन बघून ठेवल्यात मी, जुन्याच आहेत, पण चालतील. दुपारी जायचंय. मला काय त्यातलं कळत नाही." हे धादांत खोटं होतं. दादाला गाड्यांतलं कळत होतं, आणि जे कळत नव्हतं तेही कळतं असं तो बिनदिक्कत सांगायचा. "वहिनीला विचार ना," ती म्हणाली. "तिला रंग विचारीन. गाडी तू निवड," असं म्हणून त्याने तोंड धुतलं आणि उजव्या हाताने नळ बंद केला. त्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नव्हती, त्यामुळे नळ फिरवताना ती तशीच ताठ बाहेर राहिली. तिने नेहमीसारखी नजर दुसरीकडे वळवली.

आठ वर्षांत तिने काही म्हणून निवडलं नव्हतं. चहा की कॉफी, काहीही चालेल. खिडकीजवळ बसतेस का इकडे, कुठेही. बैठकीच्या खोलीला कुठला रंग द्यायचा यावर घरात पंधरा दिवस रण माजलं होतं, आणि वहिनीने शेवटी वैतागून "अगं, तुझं पण काही मत असेल की नाही?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, तुम्ही ठरवाल तो. लोकांना वाटायचं, किती समजूतदार बाई आहे! बेचाळिसाव्या वर्षी माणसाला समजूतदार म्हटलं की समजावं, आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही. गंमत म्हणजे घरच्या काचेच्या दुकानात तिचा हात कधीच कचरला नव्हता. काच कापण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. दादा माप घ्यायचा, बसवायचा, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचा, पण कापायचं काम तिचं. पट्टी लावायची, काच कापायचा हिरा टेकवायचा आणि एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची. मध्ये थांबलात की काच बिघडलीच. पण तिथे निवडायचं काही नसतं, माप दुसऱ्याने दिलेलं असतं, आणि कदाचित म्हणूनच तिथे तिला इतकं सुरक्षित वाटायचं.

आठ वर्षांपूर्वीच्या निळ्या पिकअपचं माप मात्र कुणी दिलं नव्हतं. ती तिने स्वतः निवडली होती, आणि काय तोऱ्यात निवडली होती! बाकीचे बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले होते, तेव्हा ही गाडीभोवती एक चक्कर मारून आली, प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा बारीक छापा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकही काच बदललेली नाही. पुढची, मागची, दारांच्या, सगळ्या कारखान्यातून आल्या त्याच आहेत. या गाडीला कधी ठोकर लागलेली नाही." दादाने कौतुकाने मान डोलावली होती. काचवाल्याच्या घरात काचेवरून गाडी ओळखली, याहून शहाणपण ते कुठलं! सहा महिन्यांनी उड्डाणपुलाच्या चढावर ती गाडी एकदा अंग पिळून करकरली आणि मागच्या हौद्यात उभ्या बांधलेल्या सहा काचा एकामागून एक फुटत गेल्या. दादा उजव्या हाताने त्या धरून मागे बसला होता. नंतर गॅरेजवाल्याने गाडीखालून बाहेर येत हात पुसत सांगितलं की चासी कधीतरी वाकलेली होती, सरळ करून वेल्डिंग मारलेलं होतं, वरून रंग. मागून ठोकर बसलेली असणार, त्यात काचा कशाला फुटतील? आणि मग तिच्याकडे बघून अगदी मायेने म्हणाला, "जाऊ द्या ताई, तुम्हाला कसं कळणार!" घरात कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. दादाने तर हॉस्पिटलमधून आल्यावर त्या गाडीचा विषयच काढला नाही, आणि तिला वाटायचं, काढावा. एकदा तरी भांडावं, आरडाओरडा करावा, म्हणजे मलाही ओरडून रडता येईल. पण तो भला माणूस. आठ वर्षं दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून काचा उचलत होते आणि ती त्याच्या बोटांकडे बघत नव्हती.

तेव्हापासून माल भाड्याच्या टेम्पोने जायचा. टेम्पोवाले दोरी बांधायचे ती गवताचे भारे बांधल्यासारखी, आणि गेल्या आठवड्यात एका औषधांच्या दुकानाची दर्शनी काच पोचता पोचता फुटली तेव्हा दादाने हात टेकले. आपली गाडी हवी. दुसऱ्याच्या गाडीत आपली काच नको. हे सगळं ठीकच होतं, पण ‘तू निवड’ हे मध्येच कुठून आलं ते तिला समजेना. सकाळभर ती दुकानात खिडक्यांच्या काचा कापत राहिली आणि मनात दोनच वाक्यं आळीपाळीने येत राहिली, दादाचं आणि गॅरेजवाल्याचं. डोकं दुखतंय म्हणावं का? त्याला जे आवडेल त्याला हो म्हणावं, सोपं काम. मग पुन्हा चढ येईल आणि मागे पुन्हा तोच बसेल. हिरा टेकवून रेघ ओढली आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून ती काच तशीच सोडून गेली. परत आली तेव्हा दादा आणि समोरचा सुतार ती काच उचलून दुसऱ्या टेबलाकडे नेत होते. "ठेवा खाली!" ती केवढ्यांदा ओरडली. दोघं दचकले, पावलं चुकली, दादाचं टोक वर गेलं, सुताराचं खाली, आणि काच बरोबर रेघेवर टच्चकन दुभंगली. वडील असते तर म्हणाले असते, रेघ मारून काच ठेवायची नाही, ती वाट बघत बसते. लहानपणी तिला याची भीती वाटायची. काच वाट बघते म्हणजे कुणाची? आज मात्र ती दोन तुकड्यांकडे बघत तशीच उभी राहिली. वाकवली असती तर फुटली असती हे खरंच, पण ही पिळल्यामुळे फुटली. दोघं एका चालीत चालले असते तर शांतपणे टेबलावर पोचली असती. एक टोक वर, एक टोक खाली. चढावर त्या निळ्या गाडीचं झालं ते हेच.

सुतार "माफ करा हं ताई," म्हणत होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती, त्यामुळे तो आणखीच घाबरला. तिने दादाला हौद्याची रुंदी विचारली. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, रुंदी एकच. तिने तेवढ्या लांबीच्या, वीतभर रुंदीच्या चार पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक आडवी रेघ ओढली. चारही वेळा हिऱ्याचा आवाज सारखा आला, रेशीम फाडल्यासारखा. मग पट्ट्या बनातीच्या कापडात गुंडाळल्या, सुताराकडून लाकूड आवळून धरायचे चार शिकंजे उसने घेतले आणि दादाला म्हणाली, "चल." दादाने त्या गाठोड्याकडे बघितलं. "हे काय? आपण गाडी घ्यायला चाललोय, खिडकी बसवायला नाही." "चल तर," ती म्हणाली. 

गाड्यांचा व्यापारी मालगुदामाच्या मागे पत्र्याच्या आवारात बसायचा. गोल, घामेजलेला, आनंदी माणूस. किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत तो दादालाच सगळं समजावत होता. तिच्याकडे त्याने एकदा बघितलं आणि खुर्ची मागवली, म्हणजे हिशेब मिटला. दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पांढरीशुभ्र, टायर काळे कुळकुळीत. दुसरीचा रंग मोहरीच्या चटणीला खूप दिवस झाल्यावर येतो तसा, डाव्या दारावर भला मोठा पोचा, हौद्याच्या मागच्या फाळक्याची एक कडी तारेने बांधलेली. तिचे पाय तिला न विचारता काचांकडे वळले. पांढरीच्या सगळ्या काचांवर एकच छापा, एकच साल. मोहरीची पुढची काच नवी, बदललेली, आणि बसवणाऱ्याने रबरही धड बसवलेलं नव्हतं.  आठ वर्षांपूर्वीचंच गणित पुन्हा मांडून ठेवलं होतं कुणीतरी, आणि उत्तर काय म्हणून विचारत होतं. पांढरी म्हणावं तर तीच चूक. मोहरी म्हणावं, तर निव्वळ त्या चुकीच्या भीतीने म्हटलेलं. भीतीने केलेली निवड ही निवड थोडीच! व्यापाऱ्याने दोन्ही गाड्या चालू करून दाखवल्या. दादाने आधी बॉनेटवर तळवा ठेवून इंजिनं थंड असल्याची खात्री केली, ऑईलचं झाकण उघडून वाफ येते का बघितलं, धुराचा रंग बघितला, आणि हे सगळं ‘मला काय त्यातलं कळत नाही’ म्हणणाऱ्या माणसाने. पांढरी पहिल्या चावीला लागली. मोहरी जरा खोकली, ढगभर धूर सोडला आणि मग एका लयीत बोलू लागली. "इंजिनं दोन्ही बरी आहेत," दादा तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "मला विचारशील तर पांढरी. पण तू सांग." काहीही चालेल, हे शब्द तिच्या जिभेवर इतके तयार होते की तिने ओठ दाताखाली धरले.

"आधी ही," तिने पांढरीकडे बोट केलं आणि चपला काढून हौद्यात चढली. व्यापारी हसला. "ताई, पुढे बसा की, गादी आहे!"  पट्टी हौद्याच्या दोन्ही कठड्यांवर आडवी ठेवली, खाली-वर बनात लावली, चारही कोपरे शिकंज्यांनी आवळले, डोळ्यांवर दुकानातला चष्मा चढवला आणि शेजारी उकिडवी बसली. "गोदामामागच्या उखडलेल्या रस्त्याने घ्या," ती म्हणाली, "हळूच. आणि गतिरोधकावरून नेताना फक्त डावी चाकं चढवा, उजवी खालून." "फक्त डावी?" "फक्त डावी." व्यापाऱ्याने दादाकडे बघितलं, दादाने खांदे उडवले, आणि गाडी निघाली. हौद्याचं लोखंड उन्हाने तापलं होतं आणि तळपायांतून इंजिनाची थरथर पोटऱ्यांत, गुडघ्यांत, पोटात चढत होती. डोळे मिटले असते तर बरं वाटलं असतं, पण रेघेवरून नजर हलवायची नव्हती. रेघेत ऊन साचलं होतं, दोऱ्याएवढं. दादा त्या दिवशी असाच बसला असणार, पाठ केबिनला लावून, हात काचांवर. त्यालाही पायांतून काहीतरी कळलं असेल का, एक क्षण आधी? आठ वर्षांत हे तिने त्याला विचारलं नव्हतं. त्याचा हात म्हणजे तिच्यासाठी एक बंद खोली होती आणि आज ती त्याच्या जागी बसून त्या खोलीत शिरली होती, आणि आत अंधार नव्हता, लख्ख ऊन होतं, धूळ होती, डिझेलचा वास होता, आणि शरमेऐवजी भलतंच काहीतरी अंगात चढत होतं, राग म्हणावा तर राग नव्हे, उमेद म्हणावी तर इतक्या वर्षांत तिला त्याची ओळख राहिली नव्हती. डावी चाकं गतिरोधकावर चढली. हौद्याने कूस बदलली. टच्च.

"काच आहे, फुटणारच!" व्यापारी खाली उतरत म्हणाला. "एवढ्या खड्ड्यांतून नेली." "बरोबर," ती म्हणाली आणि दुसरी पट्टी लावली. त्याच गतिरोधकावर, त्याच क्षणी दुसरीही गेली. आवारात परत आल्यावर ती पांढरीखाली आडवी झाली. वर काळा रंग चकचकीत होता. तिने बोटं लोखंडावरून हळूहळू फिरवली, कापलेल्या काचेची धार तपासताना फिरवायची तशीच, आणि मागच्या चाकावरच्या कमानपाट्याच्या जरा पुढे बोटांखाली एक जाड उंचवटा आला, रंगाखाली दडवलेला, हातभर लांब. शेजारी दादा येऊन आडवा झाला होता. तिने त्याचा उजवा हात धरला. तो हात आठ वर्षांत पहिल्यांदा धरला, आणि त्याची बोटं, वळणारी आणि न वळणारी, त्या उंचवट्यावर नेऊन टेकवली. दादाने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मग म्हणाला, "आयला." बाहेर व्यापारी कपाळाला हात लावून उभा होता. "आईशप्पथ, मलाही अशीच दिली त्या माणसाने," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून तिला ते खरं वाटलं. बॉनेट उघडून आत डोकं घालणाऱ्यांपैकीच होता बिचारा.

पण पांढरी वाईट निघाली म्हणून मोहरी चांगली ठरत नव्हती. नाही म्हणायला हिंमत लागते, पण थोडी. खरी हिंमत ‘हो’ला लागते, आणि तो ‘हो’ अजून यायचा होता. तिने तिसरी पट्टी आवळली. मोहरीच्या हौद्यात गंज होता, पोचे होते, कुणीतरी वर्षानुवर्षं दगड वाहिले असावेत. "तोच रस्ता," ती म्हणाली, "तशीच." गाडी खडखडत निघाली. फाळक्याची तार वाजत होती, दार वाजत होतं, बघणाऱ्याला वाटावं की ही आता सुटी होऊन रस्त्यावर पडणार. पण तळपायांखाली वेगळंच चाललं होतं. वरवरचा सगळा आरडाओरडा पत्र्याचा होता, त्याखालचं लोखंड गप्प होतं. डावी चाकं चढली. अख्खी गाडी एका अंगाने उचलली गेली, एकसंध, आणि तशीच खाली आली. काच थरथरली. रेघेतलं ऊन हललं आणि पुन्हा जागेवर बसलं. "पुन्हा!" ती ओरडली. व्यापाऱ्याने मागे घेऊन पुन्हा नेली. "आता उजवी चाकं!" उजवी नेली. मग त्यालाही चेव चढला, त्याने गोदामामागचा सगळ्यात मोठा खड्डा शोधून त्यात चाक घातलं, आणि ती शिकंजा धरून आपटत, धुळीने माखत, काचेकडे बघत होती. काच वाट बघत होती. बघू दे. किती बघायची तेवढी बघू दे! तिला मोठ्याने हसू यायला लागलं, आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्म्याच्या आत धुळीचा चिखल झाला.

आवारात उतरल्यावर दादाने पट्टी सोडवली, उजेडात धरली, वरखाली करून बघितली. त्याच्या मनात आलेलं त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि तो भला माणूस ते बोलायचं टाळत होता. "बोल," ती म्हणाली. "बोल की रे! आठ वर्षं गप्प बसलास तेवढं पुरे." दादाने चमकून तिच्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "हिची रेघ उथळ पडली असली तर? घाईत होतीस सकाळी. एखादी रेघ हलकी लागते. तुझीसुद्धा." असं कुणी तिला कधीच विचारलं नव्हतं, आणि हाच प्रश्न तिला हवा होता. तिने त्याच्या हातातून पट्टी घेतली. रेघ वर ठेवून दोन्ही बाजूंना दोन मुठी धरल्या, अंगठे रेघेच्या अलीकडे पलीकडे टेकवले आणि मनगटं किंचित, अगदी किंचित बाहेर वळवली. टच्च. दोन सारखे तुकडे दोन हातांत आले, धार सरळ, एकही खोड नाही. रेघ पुरेशी खोल होती. तुकडे दादापुढे धरून ती म्हणाली, "हीच."

व्यापारी घाम पुसत दादाकडे वळला. "मग साहेब, काय ठरलं?" "मला काय विचारता?" दादा म्हणाला. "ऐकलं नाही का, ती काय म्हणाली ते?" व्यापारी तिच्यापुढे आला, किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि जरा घुटमळून म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात माझ्याकडे अजून तीन गाड्या येतायत. घेण्याआधी एकदा बघून द्याल?" ती म्हणाली, बघेन, पण खुर्ची मागवू नका. दादा एवढ्यांदा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग तो पोचा आलेलं दार खेचून उघडून आपणहून शेजारच्या जागेवर जाऊन बसला. तिने चालकाची जागा पुढे ओढली, चावी फिरवली. मोहरी खोकली, धूर सोडला आणि एका लयीत बोलू लागली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत दादाचा फोन वाजला होता. पलीकडे वहिनी असणार, कारण तो मध्येमध्ये कान लांब धरत होता. "घेतली, घेतली. अगं, मी नाही. पांढरी नाही घेतली… कशावरून म्हणजे काय? काच फुटली नाही म्हणून!… अगं नाही, गाडीची काच नाही, आपली काच. छे, तुला नाही समजायचं असं—" "इकडे दे," ती म्हणाली. दादाने फोन तिच्या कानाशी धरला, त्याच हाताने, दोन बोटं ताठ, आणि ती रस्त्यावर नजर ठेवून, इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाली, "वहिनी, गाडी मी निवडलीय. दिसायला भिकार आहे. बाहेर येऊन उभी राहा, आम्ही निघालोय!"